डावीकडचे रंग

अक्का, तू मला सांगितलं होतंस की डावीकडचे रंग दिसत नाहीत. मी म्हणालो, प्रोग्राम बरोबर आहे, तूच नीट बघत नाहीस. तू परत सांगितलंस. तेव्हा मी लॅपटॉप माझ्याकडे ओढला, एक आकडा बदलला, रंगांची पट्टी डावीकडून उजवीकडे नेली आणि म्हणालो, "घे, झालं तुझं काम." तू खूश झालीस. मीही खूश झालो. प्रोग्राममध्ये चूक नाही हे मी स्वतः तपासलं होतं. मग चूक कुठे आहे हे शोधायला हवं होतं. ते न करता मी बरोबर असलेला प्रोग्राम बदलून दिला.

हे आधी लिहून टाकतो, कारण परवा तुझ्या दहाव्याला याबद्दल कोणी बोललं नाही. बोलणार कसं? दाजी सोडले तर कुणाला माहीतच नव्हतं. उलट तुमच्या गल्लीतले निवृत्त गुरुजी माईक हातात घेऊन म्हणाले की साठी उलटलेल्या बहिणीला कॉम्प्युटर शिकवणारा आणि आजारपणात तिच्या उशाशी बसून राहणारा असा भाऊ प्रत्येकीला मिळो. घाटावर बसलेल्या लोकांनी माना हलवल्या. मी खाली बघत राहिलो. मग माईक माझ्याकडे आला.  "अक्कानं मला कडेवर घेऊन वाढवलं," एवढंच म्हणालो आणि परत दिला. ते खरं होतं, पण सोयीचंही होतं.

कावळा लगेच शिवला. बायका म्हणाल्या, "समाधानी गेली, काय इच्छा राह्यली नव्हती." मला ते पटलं नाही. तुझा प्रोग्राम अर्धा राहिला आहे. काढलेलं चित्र जपून ठेवायची सोय त्यात अजून नाही. प्रोग्राम बंद केला की सगळं पुसलं जातं, आणि हे तुला किती खुपायचं ते मला ठाऊक आहे.

सुरुवात कशी झाली आठवतं का? वर्षानं पुण्यात नवा लॅपटॉप घेतला आणि जुना तुझ्याकडे इंदापूरला आणून टाकला. लेकीला वाटलं, आई भजनं ऐकेल. तुझ्या गुडघ्यांनी तोवर दारातली रांगोळी बंद केली होती. खाली बसलीस तर उठवायला दाजी लागायचे, आणि दाजी पहाटेच डाळिंबाच्या बागेत गेलेले असायचे. म्हणून तू लॅपटॉपवर रांगोळी काढायला बसलीस. त्यात आधीपासून असलेला चित्रं काढायचा प्रोग्राम मी तुला उघडून दिला. पुढच्या रविवारी आलो तर तू तोंड वाकडं करून बसली होतीस.

"ह्यात दुनियेची बटनं हायती. मला पाच पुरत्यात."

"मग बाकीची वापरू नको."

"वापरत न्हाय, पर नजर जाती न्हवं. बापू, ह्यो प्रोग्राम कुणीतरी लिवलाच असंल की."

"व्हय. लिवलाय."

"मग मला लिवायला शिकव."

मी हसलो. अक्का, मी बारामतीत कॉलेजच्या पोरांना वर्षानुवर्षं कॉम्प्युटर शिकवतो आहे, पण हे असं मला एकानंही विचारलेलं नाही. त्यांना परीक्षेत काय येणार ते हवं असतं. तुला तुझी बटणं हवी होती. मी "बघू" म्हणालो, आणि पुढच्या रविवारी तू माझ्यासाठी खुर्ची मांडूनच ठेवली होतीस.

मग रविवार ठरूनच गेला. काटेवाडी मागे टाकायची, उसाच्या बैलगाड्या चुकवत जायचं, निमगाव केतकी आलं की पानमळे बघायचे, आणि तुझ्या दारात गाडी लावायची. तुझी भावजय स्मिता म्हणायची, "माहेरी तुम्हीच निघालात की." खरंच तसं वाटायचं. डाळजचं आपलं आईवडिलांचं घर गेल्यापासून मला माहेर म्हणावं असं तुझ्याकडेच होतं.

पहिल्या दिवशी मी सांगितलं की पडद्यावरचं प्रत्येक ठिकाण दोन आकड्यांनी ओळखतात आणि मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होते. शून्य तिथं आहे.

"कोपऱ्यातनं? रांगोळी तर मधनं सुरू हुती."

"हे कॉम्प्युटर हाय अक्का."

"असू दे. रीत उलटीच हाय त्याची."

माउसचं बटण दाबलं की तिथं ठिपका उमटेल, एवढाच तुझा पहिला प्रोग्राम होता. तो चालला तेव्हा तू दाजींना बागेतून बोलावून आणलंस. दाजी चिखलाच्या पायांनी दारातच उभे राहिले, एक ठिपका बघितला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी मला ड्रिप सोडून आणलं व्हय?" तू त्यांना दुसरा ठिपका काढून दाखवलास.

मग बटण दाबून माउस ओढला की रेघ यायला हवी होती. सावकाश ओढलास की यायची. जोरात ओढलास की तुटक तुटक ठिपके पडायचे. "बघ, पोतं फाटून दानं सांडावं तसं हुतंय," असं तू म्हणालीस. मी समजावलं की कॉम्प्युटर मधूनमधूनच बघतो, मधलं त्याच्या नजरेतून सुटतं. म्हणून मागचा ठिपका लक्षात ठेवायला सांगायचं आणि तिथून नव्या ठिपक्यापर्यंत रेघ जोडायची. तुझा चेहरा एकदम उजळला. "आरं, ही तर ठिपक्याची रांगोळी." त्या दिवशीच्या ओळी तू मला न विचारता लिहिल्यास. हळू, एका बोटानं, पण न विचारता.

मग ती नेहमीची चूक झाली. माझ्या वर्गात प्रत्येक पोरगं ती करतं. एक पाकळी पूर्ण करून तू हात उचललास, दुसरीकडे माउस नेऊन दाबलास, तर पहिल्या पाकळीपासून तिथपर्यंत आडवी रेघ ओढली गेली. तू परत केलंस. परत रेघ.

"मी बोट उचललं हुतं की रं."

"ते तुला माहीत हाय. त्याला कुठं माहीत? उचललं की तसं सांगावं लागतं. मागचा ठिपका विसर म्हणून."

"म्हंजे आपून गप बसलो तर ह्याला कळत न्हाय."

"न्हाय कळत."

त्या दिवशी आपण दोघं हसलो होतो.

रंगांचा रविवार मला सगळ्यात जास्त आठवतो. कॉम्प्युटरला रंग सांगायचा तर लाल, हिरवा आणि निळा किती किती ते आकड्यांत द्यावं लागतं. मी तुला तयार रंग दिले, तर तू म्हणालीस, हा कसला लाल, ही तर एसटी. मग कपाट उघडलंस. एकेक लुगडं काढून त्याचा पदर पडद्याला लावलास, आणि आकडे कमी-जास्त करत बसलीस. डाळिंबी, मोरपंखी, आमसुली, चिंतामणी, अबोली. रंगांना नावंही तीच दिलीस. अशा आठ रंगांचे चौकोन तू पडद्याच्या डाव्या कडेला एकाखाली एक मांडलेस. डाळिंबी जमेना. दाजी म्हणाले, "आगं, बागेत लटकल्यात की शंभर. आणू का एक?" तू म्हणालीस, "तुमच्या बागंतलं न्हवं, माज्या पैठणीतलं पायजे." दाजी मला म्हणाले, "बघा पावणं, आमच्या बागंला हितं कायबी किंमत न्हाय."

आणि खोडरबर. त्यावरून आपलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. मी म्हणायचो, पुसायची सोय हवीच, चुकलं की मागं जाता आलं पाहिजे. तू म्हणायचीस, नको. "रांगोळीची रेघ चुकली की आपून ती पुसतो का? तिचंच पान करतो, कळी करतो. सकाळी झाडूनं समदीच जाती." मी म्हणायचो, अक्का, सगळ्यांना तुझ्यासारखं जमत नाही. "मग सगळ्यांनी आपापला लिवावा," असं तू म्हणायचीस. मला आजही वाटतं की माझंच बरोबर होतं. पुसता येणं मला फार गरजेचं वाटतं. पण तो मुद्दा तू मला कधीच जिंकू दिला नाहीस.

आता पुढचं लिहायला हवं.

तुला माहीत आहे, मी लहानपणापासून घाबरट. कुणाला ताप आला की मला सगळ्यात वाईट आजार आठवतो. आदल्या वर्षी तुझ्या छातीत जळजळ झाली तेव्हा मी गाडी घेऊन इंदापूरला आलो, तुला बारामतीच्या दवाखान्यात घातलं, होत्या नव्हत्या त्या तपासण्या करायला लावल्या. वर्षाला पुण्याहून बोलावून घेतलं. आणि निघालं पित्त. डॉक्टर हसले, दाजी हसले. तू तर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचीस, "आमच्या बापूनं मला पोचवलीच हुती. हार तेवढा आनायचा राह्यला हुता." दाजी मला म्हणाले होते, "पावणं, हितनं फुडं आमच्या घरात तुमी कुनाची नाडी बघायची न्हाय." सगळे हसले, मीही हसलो. पण मनात ठरवून टाकलं की आता परत असं हसं करून घ्यायचं नाही.

संक्रांत होऊन गेली होती. आठवड्यातल्या मधल्याच एका वारी, मी कॉलेजात असताना तुझा फोन आला.

"बापू, माजं रंग गेलं."

"गेलं म्हंजे?"

"चौकोन न्हायतच. पांढरं हाय समदं."

मी सांगितलं, बंद करून परत चालू कर. तू केलंस. थोड्या वेळानं फोन, आले. दुसऱ्या दिवशी परत फोन, गेले. मी तुझा प्रोग्राम मागवून घेतला आणि माझ्या मशीनवर चालवला. आठही चौकोन डावीकडे ओळीनं उभे. रविवारी आलो, तुझ्याशेजारी बसलो, आणि ते तिथंच होते.

"हे काय, समोर हायत की."

तू मान वळवून बघितलंस. "आता आलं बग. तू आलास की येत्यात."

मला राग आला, अक्का. कॉलेजच्या पेपरांचे गठ्ठे घरी पडले होते आणि मी इतक्या लांब येऊन आठ चौकोन बघत होतो. "प्रोग्राम बरोबर आहे, तूच नीट बघत नाहीस," असं मी म्हणालो.  नंतर हळूच म्हणालीस, "माजीच काय तरी चूक हुत असंल." आणि थोड्या वेळानं परत, "पर खरंच दिसत न्हाईत रं." त्यानंतर मी काय केलं ते वर लिहिलं आहेच. एक आकडा. पट्टी उजवीकडे गेली, तुला आठही रंग दिसले, आणि तू मला चहाबरोबर दशमी दिलीस.

त्यानंतर तू चित्रांचे फोटो काढून पाठवायला लागलीस. मोर, तुळशीवृंदावन, गोपद्म. सगळी उजवीकडे सरकलेली. डावी बाजू कोरी. मी लिहिलं, "डावी बाजू भाड्याने दिलीस का?" तू उत्तरादाखल हसरा चेहरा पाठवलास. माझ्या चेष्टेचा तुला काही अर्थ लागला नसणार. तुझ्या दृष्टीनं चित्र पूर्ण होतं.

इथपर्यंत मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकतो. पाडव्यानंतर तसं म्हणता येत नाही.

पाडव्याला मी आणि स्मिता तुमच्याकडे जेवायला आलो. सणाचं म्हणून तू गुडघ्यांशी भांडून, बुटक्या स्टुलावर बसून दारात रांगोळी काढली होतीस. ठिपके छिद्रांच्या कागदानं पाडलेले, एकसारखे. पण रेघा फक्त उजव्या बाजूला. कमळाचा उजवा अर्धा भाग पाकळ्यांसकट, रंग भरून, सुरेख. डावीकडे नुसते ठिपके, न जोडलेले. मी उंबऱ्यापाशीच थांबलो.

"अक्का, अर्धीच का काढली?"

"अर्धी? डोळं तपासून घे मास्तर. पुरी हाय."

स्मिता म्हणाली, ताईंची घाई झाली असेल. 

मग पंगत बसली. तू माझ्यासमोर. ताट तूच वाढलं होतंस आणि नेहमीसारखं वाढलं होतंस, हाताच्या सवयीनं, मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाज्या उजवीकडे. तू भाजी खाल्लीस, पुरी खाल्लीस, श्रीखंड खाल्लंस. मग दाजींना म्हणालीस, "मला मीठ वाडलंच न्हाय की." दाजी म्हणाले, "तूच वाडलंस, तूच इचार." सगळे हसले. मीठ तुझ्या ताटात होतं. लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं होतं, त्याला बोटही लागलेलं नव्हतं. मी वाकलो आणि तुझं ताट अर्धं फिरवलं. "हे काय मीठ." तू म्हणालीस, "आत्ता वाडलंस व्हय," आणि जेवायला लागलीस.

मी ओळखलं, अक्का. आजाराचं नाव मला माहीत नव्हतं, पण तुझी डावी बाजू हरवते आहे हे मला त्या पंगतीत कळलं. रंगांचे चौकोन, चित्रं, रांगोळी, मीठ, सगळं एका ओळीत उभं राहिलं. माझा घास हातातच राहिला. दाजींनी विचारलं, "पावणं, काय झालं?" त्यांच्या ओठांवर तेच हसू होतं, नाडी बघायची नाही म्हणाले होते तेव्हाचं. मी म्हणालो, "काही नाही, तिखट लागलं."

परतताना स्मिताला सांगायला तोंड उघडलं. "अक्काचं काहीतरी..." एवढंच म्हणालो, तर ती म्हणाली, "सुरू झालं का परत?" मी गाडी चालवत राहिलो. नंतर कॉलेजच्या स्टाफरूममध्ये फोनवर एकदा शोधायला लागलो, पहिल्याच पानावर जे दिसलं ते बघून फोन उलटा ठेवला. स्वतःला सांगितलं, चष्म्याचा नंबर असेल. मान आखडली असेल. आयुष्यभर मी भलत्या वेळी घाबरलो, आणि या एका वेळी धीराचा माणूस व्हायचं ठरवलं. नंतरच्या रविवारी मी तुझ्याकडे आलोच नाही. पेपर तपासायचे आहेत म्हणून फोन केला. पेपर तपासून झाले होते.

अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला दाजींचा फोन आला. तू ओट्यापाशी डाव्या अंगावर कोसळलीस, झटका आला, डावा हात उचलेना. बारामतीच्या दवाखान्यात मी तुमच्या आधी पोचलो होतो. डोक्याचा फोटो काढला. मेंदूच्या उजव्या बाजूला गाठ होती आणि ती जोरात वाढणारी होती. डॉक्टर तरुण मुलगी होती, शांतपणे बोलत होती. तिनं आम्हाला समजावलं की डोळे चांगले आहेत, पण डावी बाजू म्हणून काही असते हेच मेंदूच्या ध्यानात येत नाही. त्यामुळे दिसत नाही अशी तक्रारही पेशंट करत नाही.

तू तक्रार केली होतीस, अक्का. फक्त ती स्वतःबद्दल नव्हती, प्रोग्रामबद्दल होती.

मग तिनं विचारलं, "आधी काही लक्षात आलं होतं? डावीकडे धडकणं, जेवताना अर्धं ताट तसंच ठेवणं?"

दाजी गोंधळले. "मी दिसभर बागंत असतो, डॉक्टर." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत आता हसू नव्हतं, आशा होती. "पावणं, तुमी दर आयतवारी हुता. तुमाला काय दिसलं हुतं का?"

मी म्हणालो, "नाही."

डॉक्टरनं ते लिहून घेतलं. एका शब्दाला किती वेळ लागतो? तेवढ्या वेळात मी दाजींना डोळ्यांदेखत फसवलं.

नंतर मी तिला एकटीला गाठून विचारलं की थोडं आधी आणलं असतं तर. ती म्हणाली, या जातीच्या गाठीत थोड्या आठवड्यांनी फार फरक पडत नाही. मला सोडवण्यासाठीच ती तसं म्हणाली असेल, किंवा खरंही असेल. पण फार नाही म्हणजे थोडा तरी पडला असता, तो थोडा म्हणजे किती, तुझा आणखी एखादा सण, चित्र जपून ठेवायची ती सोय, हे मी तिला विचारू शकलो नाही. अजूनही जेवायला बसलो की ताटाची डावी बाजू आधी बघतो, मग स्मिताच्या ताटाची. ती आता काही म्हणत नाही.

दवाखान्यात तू माझं कौतुक करायचीस, ते सगळ्यात कठीण होतं. सलाइन लावायला आलेल्या सिस्टरला सांगायचीस, "ह्यो माजा भाऊ. माजा प्रोग्राम बिगडला हुता, एका मिनटात नीट करून दिला ह्यानं." सिस्टर म्हणायची, "भारी की." मी पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं बाहेर जायचो. रोज ठरवायचो, आज सांगायचं. पण कधी वर्षा असायची, कधी दाजी असायचे, कधी तू झोपलेली असायचीस. खरं तर सवड पुष्कळ होती. भीती एवढीच होती की तू मला बघशील आणि तुझा चेहरा बदलेल. लहानपणी मी तळ्यात पडलो तेव्हा तू मला बाहेर काढून दोन थोबाडीत दिल्या होत्यास आणि मग मिठी मारली होतीस. या वेळी थोबाडीत मिळाली नाही तर काय, असं वाटायचं.

पुण्याला नेऊन झालं, ऑपरेशन झालं. पुढे फार काही होणार नाही असं सांगून त्यांनी तुला घरी पाठवलं. इंदापूरला खाट पुढच्या खोलीत टाकली. औषधांनी मधे काही दिवस तू लख्ख झालीस. बोलायचीस, चेष्टा करायचीस. वर्षा म्हणाली, मामा, आई विचारते आहे लॅपटॉपचं. म्हणून मी दुपारीच आलो.

खाटेची डावी बाजू दाराकडे होती. मी आत आलो, स्टूल ओढून तिथंच बसलो आणि म्हणालो, "अक्का, मी आलोय."

तू उजवीकडे, भिंतीकडे बघितलंस. "कुठाय रं तू?"

मी उठून पलीकडे गेलो. खाट आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम जागा होती, तिथं अंग चोरून बसलो. तू मला बघितलंस आणि म्हणालीस, "वाळलास." मग विचारलंस, चित्र जपून ठेवायचं केलंस का. मी म्हणालो, नाही, तुझा प्रोग्राम आहे, तू सांगशील तसं करू. तू म्हणालीस, "मग बस. कर." मी लॅपटॉप उघडला नाही.

"अक्का, माझं लक्ष नव्हतं तुझ्याकडं," मी म्हणालो. हे अर्धंच होतं, आणि मला माहीत होतं की अर्धं आहे.

तू हसलीस. "तुजं लक्ष न्हवतं? आरं, तू तर मला पित्तात मारली हुतीस. तुज्याएवढं भिऊन लक्ष ठिवणारा कोन हाय दुसरा?"

तू मला सुटायला वाट करून दिलीस, नेहमीसारखी. मान हलवली असती तर तो विषय तिथंच मिटला असता. तेवढ्यात दाजी डाळिंबाच्या रसाचा पेला घेऊन दारात आले. मला उठून जावंसं वाटलं. पण भिंतीच्या त्या फटीत बसलेल्या माणसाला चटकन उठताही येत नाही. मी दाजींना म्हणालो, तुम्हीही थांबा, तुम्हाला पण ऐकायचं आहे.

त्यावर तू काय म्हणालीस आणि दाजी काय म्हणाले, ते माझ्यापाशी राहू दे. घाटावर माईक हातात असताना माझ्या तोंडून निघालं नाही, म्हणून मी त्या दुपारी जे बोललो तेवढं इथं लिहितो.

"अक्का, पाडव्याला तुजी रांगोळी अर्धी हुती. ताटातलं मीठ तुला दिसलं न्हाय. मला दोन्ही दिसलं हुतं. मी तवाच वळखलं हुतं, आन कुणी घाबरट म्हनू नये म्हणून गप बसलो. डॉक्टरनं इचारलं तवा दाजींच्या तोंडावर खोटं बोललो. तुजा प्रोग्राम कधीच चुकला न्हवता, तूबी चुकली न्हवतीस. तू मला दोनदा सांगितलंस, आन मी तुलाच चुकीची ठरवली. माजं चुकलं, अक्का. मला माफ कर."